पॅरट माशांची अंडी दर वेळी पांढरी पडतात – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. तीन फुटी टाकीत ब्लड पॅरटची जोडी आहे, दीड वर्षाची. गेल्या चार महिन्यांत तिसऱ्यांदा अंडी घातली. उपड्या कुंडीवर मधाच्या रंगाचे ओळीने चिकटवलेले दाणे, वर दोघांचा पंख हलवत खडा पहारा. हात घातला की चावायला धावतात. पण दुसऱ्या दिवशी दाणे दुधाळ, तिसऱ्या दिवशी कापसासारखी बुरशी, आणि मग आईबापच ती खाऊन टाकतात. मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) वापरून झालं, पाणीही २८ अंशांवर आहे.

ब्लड पॅरट हा तैवानमध्ये तयार झालेला सिक्लिडचा (माशांचं एक कुळ) संकर, आणि यातले नर बहुतेक वांझ, हे वाचलंय. मामा शेततळ्यात मासे करतात, ते म्हणतात, "आमच्या कटला-रोहूच्या संकराला पिल्लं होतात की!" त्यांचं खरंय, पण त्या दोघांची गुणसूत्रं ५०-५०च. सायप्रिनसची (कॉमन कार्प माशाची) साधारण १००, म्हणून रोहूशी त्याचा संकर वांझ निघतो. पॅरटमध्ये नेमकं कुठे अडतं? शुक्राणू तयारच होत नाहीत, की होऊन निकामी असतात?

दुसरी शंका, दोन्ही माद्याच तर नाहीत ना? अंडी घालताना दोघांच्याही पोटाखालच्या (अंडी किंवा शुक्राणू सोडायच्या) नळ्या मला मादीसारख्या जाडच दिसल्या. (बायको पहिल्या दिवसापासून हेच म्हणतेय.)

कोणी कॉन्व्हिक्टचा (दुसऱ्या एका सिक्लिड जातीचा) नर सोडून पिल्लं काढली आहेत का? की तसं करूच नये?