खाडा आठवतो आणि रविवार घेववत नाही

बालाघाटची:
मी अंबाजोगाईत राहते. अकरा वर्षं ऊसतोड बायकांसोबत काम करतेय. पिशवी काढलेल्या बायकांचे दवाखान्याचे कागद मिळवायचे, जबाब लिहून घ्यायचे, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायचे, मग तहसील आणि जिल्हा परिषदेच्या पायऱ्या. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली तेव्हा १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यातल्या चाळीसेक जणींच्या फायली माझ्या कपाटात आहेत. एकीचं ऑपरेशन सव्विसाव्या वर्षी झालंय आणि तिच्या कागदांत सोनोग्राफीचा रिपोर्टच नाही.

प्रश्न शनिवार-रविवारचा आहे. लेक सहावीत आहे, त्या दोन दिवशी तिला शाळा नसते. मी तिच्या शेजारी बसते आणि मनात जबाब जुळवत असते. फोन बंद ठेवता येत नाही, कारण सीझनमध्ये बायकांना वार नसतो. उसाची गाडी कारखान्यावर नंबरला, म्हणजे रांगेत लागली की कोपीवर, त्यांच्या झोपडीवर, थोडी उसंत मिळते आणि तेव्हाच त्या फोन करतात. मग तो रविवार संध्याकाळचा स्वयंपाकाचा वेळ का असेना.

खरं अडतं ते दुसरीकडेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी धरतात. बाई एक दिवस फडात, म्हणजे उसाच्या शेतात गेली नाही तर मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, पाचशे रुपये खाडा (गैरहजेरीचा दंड) लावतो आणि तो उचलीच्या, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांच्या हिशोबात चढतो. पाळीचं दुखणं असो, ताप असो, खाडा चुकत नाही. अंगावरून जातंय म्हणून दवाखान्यात गेलेली बाई पिशवी काढायला पटकन हो म्हणते, त्यामागे महिन्याच्या त्या दोन-तीन खाड्यांचा हिशोबही असतो. जिची सगळी तक्रारच सुट्टी न मिळण्याची आहे, तिचं काम हातात असताना मी रविवार कसा घ्यायचा?

गेल्या महिन्यात एका अर्जात मी बाईचं वय चुकीचं लिहिलं. सलग तिसऱ्या शनिवारी काम करत बसले होते, रात्रीचे साडेअकरा. अर्ज परत आला. हेलपाटा तिला पडला, भाडंही तिचंच गेलं. तेव्हापासून विचारायचं मनात होतं. तुम्ही कसं करता?

उपकेंद्रातली_बाई:
मी धारूर तालुक्यात आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. बाळा, आधी फोनचं बघ. बाईला रक्तस्राव होतोय आणि ती तुला फोन लावत बसली, तर तू अंबाजोगाईतून करणार काय? ती असणार सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात. टोळी निघायच्या आधीच प्रत्येकीला १०८ पाठ करून दे. टोळीत दुसऱ्या एकीकडंही तो नंबर लिहून ठेव, कारण बऱ्याचदा फोन नवऱ्याच्या खिशात असतो. जिथं ऊसतोड चालू आहे तिथल्या आशाताईचा नंबर मिळव. एवढं झालं की रविवारचे निम्मे फोन तुझ्यापर्यंत यायचेच नाहीत, आणि ते यायलाही नकोत.

खाड्याचं म्हणशील तर माझ्या नोकरीतही असंच होतं. बाळंतपण अडलेलं असताना घरी कसं जायचं, म्हणून मी वर्षानुवर्षं सुट्ट्या टाकल्याच नाहीत. माझा मुलगा आजीच्या हाताखाली वाढला. त्यानं एकाही बाईचं दुखणं कमी झालं नाही. तू जेवली नाहीस म्हणून तिच्या ताटात भाकर जास्त पडत नाही गं.

अपिलवाला:
ताई, कपाटातल्या फायली मनात राहतात, कारण कुठली कुठं अडलीय ते कागदावर नसतं. मी एक साधी वही ठेवतो. माहितीच्या अधिकाराचा अर्ज कधी दिला, उत्तराचे ३० दिवस कधी संपतात, पहिलं अपील कुठल्या तारखेपर्यंत करायचं, दुसऱ्या अपिलाचे ९० दिवस कधी भरतात. शुक्रवारी चार वाजता वही उघडायची आणि सोमवारचं पहिलं काम लिहून मिटायची. शनिवारी कार्यालयं बंद असतात. त्या दिवशी तुम्ही कितीही लिहिलंत तरी आवक नोंद सोमवारचीच होणार.

आणि जबाब रात्री लिहू नका. एका दिवसात दोनच्या वर घेऊ नका. तिसऱ्या बाईचं बोलणं आपण पहिलीच्या शब्दांत लिहायला लागतो, हे माझ्याकडून झालंय. पुढं चौकशीत सगळे जबाब एकसारखे दिसले की पढवल्याचा आरोप होतो, आणि खरं बोललेली बाई खोटी ठरते.

रविवारच हवा असा आग्रह मात्र मी धरणार नाही. सीझनमध्ये मी बुधवार घेतो. तुमची लेक शाळेत जाते म्हणून तुम्हाला रविवार लागतो, तर सोबतच्या कुणाला तरी त्या दिवशी फोन सांभाळायला द्या आणि तसं बायकांना आधीच सांगून ठेवा.

बालाघाटची:
मावशी, भाकरीचं वाक्य दोनदा वाचलं आणि रडू आलं. दादा, जबाब एकसारखे दिसण्याचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुने काढून बघितले. सलग घेतलेल्या चार जबाबांत 'असह्य वेदना' हा शब्द सापडला. तो त्यांचा नाहीच, माझा आहे. त्या म्हणाल्या होत्या, 'कंबर तुटून पडती'. त्या चौघींकडे पुन्हा जाणार आहे, पट्टा पडून, म्हणजे सीझन संपून त्या गावी आल्यावर.

काल फोन सोबतच्या ताईकडे दिला आणि लेकीला घेऊन मुकुंदराजाच्या समाधीला गेले. पायऱ्या उतरताना दोनदा हात पर्सकडे गेला. लेकीनं तो धरला आणि खालपर्यंत सोडला नाही. संध्याकाळी ताईनं सांगितलं, तीन फोन आले होते. दोन कागदांबद्दलचे, ते सोमवारवर ढकलले. तिसरी बाई तापानं फणफणली होती, तिला तिथल्या आशाताईनं प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं.

वय चुकलेला अर्ज आज सकाळी दुरुस्त करून दिला. यावेळी मी स्वतः गेले, तिला बोलावलं नाही. पोच घेतली आणि तिच्या भाच्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली.