मोनाको ग्रां प्री: दोष रस्त्याचा की गाड्यांचा?

वळणवेडा

मोनाकोची शर्यत फॉर्म्युला वनमधून काढून टाका, ही मागणी दरवर्षी नव्याने होते. 2024 पासून तिला धार आली आहे. त्या वर्षी पहिल्याच लॅपला (फेरीला) पेरेझ, मॅग्नुसन आणि हुल्केनबर्ग यांच्या गाड्या आदळल्या, लाल झेंडा लागला, शर्यत थांबलेली असताना सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या जागी, यायचं कारणच संपलं. पहिले दहा जण ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं त्याआधी कधी घडलं नव्हतं. उपाय म्हणून 2025 ला दोन पिटस्टॉप सक्तीचे केले, तरी नॉरिस, लेक्लेर, पियास्त्री, व्हर्स्टॅपन हे पहिले चार जिथून सुटले तिथेच राहिले.

तरीही ही शर्यत राहिली पाहिजे असं मी ठामपणे म्हणतो. 1929 पासून त्याच गल्ल्यांमधून ती चालू आहे. आखणीत फेरफार झाले, जलतरण तलावाजवळचा भाग 1973 ला जोडला गेला, पण सँ देव्होतचा चढ, कॅसिनोचा चौक, हेअरपिनचं अगदी तीव्र वळण, बोगदा, बंदराची कड हे सगळं तेच आहे. बदलल्या त्या गाड्या. 1988 ची आयर्टन सेनाची मॅक्लारेन 540 किलोची होती, 2025 च्या गाडीचं किमान वजन 800 किलो. रुंदी 2017 ला 1.8 मीटरवरून 2 मीटर केली. हेअरपिनला वेग ताशी 50 च्या आत येतो आणि तेवढ्या एका वळणासाठी संघांना चाकं जास्त वळतील असं स्टिअरिंग बसवावं लागतं. या अंगाच्या दोन गाड्या तिथे शेजारी-शेजारी मावतीलच कशा?

आणि शनिवारची क्वालिफाइंग विसरू नका. सर्वांत वेगवान लॅप देणाऱ्याला पोल, म्हणजे रविवारी सुटायची पहिली जागा, तिथे मिळते. 2023 चा व्हर्स्टॅपनचा पोल लॅप पुन्हा बघा. लॅपच्या तीन भागांपैकी दोन सेक्टर संपले तेव्हा तो अलोन्सोच्या मागे होता. तिसऱ्यात तलावापासून पुढे चाक कठड्याला घासत, तरी पाय न उचलता त्याने सगळं भरून काढलं आणि 0.084 सेकंदाने पोल घेतली. अशी लॅप दुसऱ्या कुठल्याही ट्रॅकवर दिसत नाही.

पिटवॉल

शनिवारबद्दल वादच नाही. पण गुण रविवारी वाटतात, आणि रविवारी तिथे काय चालतं तेही मांडूया.

2025 ला रेसिंग बुल्सच्या लॉसनने मुद्दाम गाडी हळू चालवली. मागची सगळी रांग अडवली आणि पुढच्या हाजारला एवढी मोकळी जागा करून दिली की तो जागा न गमावता पिट करून आला. मग विल्यम्सने तेच केलं. आधी एकाने रांग धरून ठेवायची, मग दुसऱ्याने. मागे अडकलेला रसेल इतका वैतागला की बोगद्यानंतरची शिकेन (नागमोडी वळण) सरळ कापून विल्यम्सच्या अल्बनच्या पुढे गेला आणि दंड घेईन म्हणाला. त्याला ड्राइव्ह-थ्रू, म्हणजे पिटमधून हळू जाऊन यायचा दंड, मिळाला. विल्यम्सचे दोघे नववे-दहावे आले, गुण घेतले. शर्यतीनंतर अल्बन आणि साइन्झ दोघांनीही सांगितलं की असं चालवणं आपल्याला आवडलं नाही.

जगातले सर्वांत वेगवान वीस ड्रायव्हर, आणि हळू चालवण्याचं बक्षीस! एरवी शर्यत किमान 305 किलोमीटरची असते, मोनाकोला 260 ची सवलत. इतरांसाठी एक नियम आणि यांच्यासाठी दुसरा, तोही एका मिरवणुकीसाठी. मला हे पटत नाही.

शर्वरी_कोल्हापूर

पिटवॉल, ओव्हरटेक झाला नाही म्हणजे शर्यत झाली नाही, हे गृहीतक मला मान्य नाही. 1992 आठवा. मॅन्सेलने त्या मोसमातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या होत्या आणि मोनाकोतही तो आरामात पुढे होता. शेवटच्या काही लॅप राहिल्या असताना चाक ढिलं झाल्याचा संशय आला, पिटमध्ये यावं लागलं, आणि बाहेर पडेपर्यंत सेना पुढे निघून गेला. नवे टायर, त्या वर्षीची सर्वांत वेगवान विल्यम्स, आणि पुढे घासलेल्या टायरांवरची मॅक्लारेन. मॅन्सेलने उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आरशात या बाजूला दिसला, त्या बाजूला दिसला. सेनाने गाडी नेमकी जिथे हवी तिथेच ठेवली. 0.215 सेकंदाने जिंकला. त्या लॅप्समध्ये एकही ओव्हरटेक नाही, आणि तरी लोक अजून त्याच लॅप्स काढून बघतात.

1961 चंही तेच. मॉसची लोटस फेरारीपेक्षा ताकदीने कमी होती. शंभर लॅपच्या शर्यतीत चौदाव्या लॅपला पुढे गेल्यापासून शेवटपर्यंत तो फेरारींना मागे ठेवत राहिला. मोठ्या मोकळ्या ट्रॅकवर त्याला ते जमलं नसतं. कमी ताकदीच्या गाडीतल्या थोर ड्रायव्हरला संधी देणारी जागा आता उरलीय किती? 2018 ला रिकार्डोच्या गाडीची विजेची मदत बंद पडली, चौथ्या हिश्शाएवढी ताकद गेली, तरी तो जिंकला.

पिटवॉल

शर्वरीताई, 1992 चं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. मॅन्सेल प्रत्येक वळणाला नाक घालून बघत होता, कारण मार्ग सापडेल अशी आशा होती. सेना जीव तोडून चालवत होता. 2025 ला पुढचाच माणूस ठरवून कित्येक सेकंद हळू जातो आणि मागच्याला ते ठाऊक असूनही काही करता येत नाही. बचाव आणि अडवणूक या वेगळ्या गोष्टी आहेत. रिकार्डोचा विजय मलाही आवडतो, पण एवढी ताकद गेलेली गाडी कोणालाच गाठता येत नाही, याचा अर्थ काय होतो?

मागची_सीट

आपल्याकडच्या दोन गोष्टी जोडतो. 2010 ला करुण चांधोकची हिस्पानिया रास्कासच्या वळणात असताना त्रुलीची लोटस सरळ तिच्यावर चढली. करुणच्या हेल्मेटजवळून ती गेली. जागा नाही तिथे जागा शोधली की काय होतं ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. वळणवेडा म्हणतात तशा गाड्या लहान झाल्याच पाहिजेत, आणि हे कारण करमणुकीहून मोठं आहे.

दुसरी गोष्ट आनंदाची. 2025 ला कुश मैनीने तिथे फॉर्म्युला टूची, म्हणजे एक पायरी खालच्या मालिकेची, स्प्रिंट (छोटी शर्यत) जिंकली. क्वालिफाइंगचे पहिले दहा उलट्या क्रमाने सुटतात, त्या उलट्या ग्रिडमुळे पहिला सुटला, पहिलाच आला. कोणी म्हणेल यात काय विशेष. दोन्ही बाजूंना कठडे, मागे सगळी रांग, एक चूक केली की संपलं. ते बघताना मला ओव्हरटेकची आठवणही झाली नाही.

नागपूरकर

माझा आक्षेप वेगळा आहे. मोनाकोचा करार 2035 पर्यंत वाढला. आणि बेल्जियमचा स्पा ट्रॅक? 1950 च्या पहिल्या मोसमापासूनचं नाव, ओ रूजचा चढ, केमेलच्या सरळ रस्त्यावर खरीखुरी झुंज. ते 2028 आणि 2030 ला कॅलेंडरवर नाही, आलटून पालटून खेळवणार. परंपरा हा निकष असेल तर तो दोघांना सारखाच लावा. मोनाकोच्या बंदरात बोटी उभ्या राहतात, प्रायोजकांच्या गाठीभेटी होतात, म्हणून ती पक्की. आर्देनच्या जंगलात पावसात तंबू ठोकून बसणाऱ्यांचं कोणी बघत नाही. मोनाकोही आलटून पालटून ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

वळणवेडा

नागपूरकर, स्पावर अन्याय झाला हे शंभर टक्के खरं. पण त्याची भरपाई मोनाको कमी करून का? नव्याने उभ्या राहिलेल्या शर्यतींमधून एखादी कमी करा.

पिटवॉल, रस्ताच दोषी असता तर विजेवरच्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई ने तिथे काय केलं असतं? जवळपास तोच मार्ग, गाडी 1.7 मीटर रुंद, आणि ओव्हरटेक भरपूर. 2026 च्या नियमांत फॉर्म्युला वनची गाडी 10 सेंटीमीटर अरुंद, 20 सेंटीमीटर आखूड आणि 30 किलो हलकी केली. दिशा योग्य आहे, माप अपुरं आहे. आणखी एवढंच कापलं पाहिजे.

पिटवॉल

फॉर्म्युला ई ची लॅप पंधरा सेकंदांहून जास्त हळू असते, ब्रेकिंगचं अंतर लांब, ऊर्जा वाचवण्याचा खेळ वेगळा. ती तुलना सरळ लागू होत नाही. गाडी अरुंद झाली तरी कार्बन ब्रेक इतक्या उशिरा लागतात की हल्ला करायला रस्ताच उरत नाही.

लहान गाड्यांना माझा पाठिंबा आहे. पण त्या येईपर्यंत किमान एक करा: क्वालिफाइंगमध्ये रेंगाळू नये म्हणून कमाल लॅप-वेळ ठरवून देतात, तशीच मोनाकोच्या शर्यतीत ठरवा. मोकळा रस्ता समोर असताना त्याहून हळू गेला की दंड.

शर्वरी_कोल्हापूर

याला माझा विरोध आहे. टायर जपायला हळू जाणं आणि मागच्याला अडवायला हळू जाणं, यातला फरक स्टुअर्ड (शर्यतीचे पंच) घड्याळ बघून कसा ठरवणार? घासलेल्या टायरांवरच्या सेनाला मग 1992 लाच दंड झाला असता. दोन पिटस्टॉपची सक्तीच नको, म्हणजे सोबत्यासाठी जागा करून द्यायचं कारणच अर्धं संपतं.

पिटवॉल

सक्ती नसली की 2024 परत येतं.