मदत हवी आहे: कातळावर शोषखड्डा चालत नाही, वाळूचा भराव करावा का?

राजापूर तालुक्यात आमचं घर आहे. खाली कातळ, वर जेमतेम दोन फूट माती. श्रावणात शोषखड्डा काठोकाठ भरतो, संडास तुंबतो, अंगणात काळपट, घाण वासाचं पाणी वर येतं. विहीर तिथून ४५ फुटांवर. खरं तर १८ मीटर, म्हणजे जवळपास ६० फूट अंतर हवं. आई त्याच विहिरीचं पाणी पिते, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

आता विहिरीपासून ८० फुटांवर, उताराच्या खालच्या बाजूला, जमिनीच्या वर वाळूचा भराव घालून त्यात खडी आणि भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप टाकायचं मनात आहे. संडासाच्या टाकीतलं (सेप्टिक टँक) पाणी पंपाने त्या भरावात चढवावं लागेल. आपल्याकडच्या पावसात असा भराव टिकतो का? वाळूचा थर किती ठेवावा? गवंड्याने हे काम कधी केलेलं नाही. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.