आयडियलच्या पॉवर वाढल्या की डेप्थ कमीच होत जाते का?

प्रश्न:
ग्रेडेड आयडियलच्या (होमोजिनियस पॉलिनोमिअलनी बनणाऱ्या आयडियलच्या) पॉवरवर प्रोजेक्ट करतोय. अ, ब, क या तीन व्हेरिएबलची पॉलिनोमिअल रिंग एस घेतली आणि त्रिकोणाचं एज आयडियल (प्रत्येक बाजूच्या दोन टोकांचा गुणाकार हा एक जनरेटर) आय = (अब, बक, कअ). एस/आय ची डेप्थ (एकामागून एक किती घटक असे घेता येतात की त्यांनी गुणून शून्य नसलेलं काही शून्य होत नाही, ती संख्या) १ येते, एस/आय^२ ची ०, आणि पुढे ०च राहते. ब्रॉडमनचं १९७९चं थिअरम माहितीये, पॉवर पुरेशी मोठी झाली की डेप्थ स्थिर होते, पण तोपर्यंत ती उतरतच जाते असं धरून चालू का? सिद्ध करायला बसलो की दर वेळी गाडी अडते.

चौथाकोपरा:
अडणारच, कारण ते खरं नाहीये. त्याच रिंगमध्ये हे घ्या: (अ^४, अ^३ब, अब^३, ब^४, अ^२ब^२क). अ^२ब^२ यात नाही, पण अ, ब, क कशानेही गुणा, लगेच आत येतं; बाहेरचा असा घटक सापडला म्हणजे डेप्थ ०. आता वर्ग करा. पहिल्या चार जनरेटरच्या गुणाकारांतूनच अ आणि ब चे डिग्री ८चे सगळे मोनोमिअल मिळतात, त्यामुळे वर्ग सरळ (अ,ब)^८ होतो, क कुठे उरतच नाही, आणि डेप्थ १! पुढेही १च. हे कागदावर स्वतः करून बघाच, फार सुंदर उदाहरण आहे.

रीसवाला:
डेप्थची लिमिट कुठे जाते तेही बघून ठेव. ती रिंगचं डायमेन्शन वजा अ‍ॅनालिटिक स्प्रेड (पॉवर वाढली की जनरेटर किती वेगाने वाढतात त्याचं माप) यापेक्षा जास्त नसते, आणि रीस अल्जिब्रा (सगळ्या पॉवर एकत्र गुंफून बनणारी रिंग) कोहेन-मॅकॉले, म्हणजे डेप्थ आणि डायमेन्शन सारखं असलेली, असेल तर बरोबर तेवढीच. तुझ्या त्रिकोणाला ३−३=०, वरच्या उदाहरणात ३−२=१, दोन्हीकडे जुळतंय. स्थिर होण्याआधी मात्र काहीही चालतं: शेवटी स्थिर होणारा नॉन-निगेटिव्ह पूर्णांकांचा कुठलाही क्रम द्या, तो कुठल्या तरी मोनोमिअल आयडियलचा डेप्थ फंक्शन असतो, हे हा (Hà), न्गुयेन आणि दोन त्रुंग या गणितज्ञांनी २०२१च्या पेपरात दाखवलंय. तेव्हा सगळ्या आयडियलसाठी सिद्ध करायचा नाद सोड, ग्राफ धरून काम कर.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार दोघांचे. मग लगेच पंचकोन घेतला, शिरोबिंदू ओळीने अ, ब, क, ड, इ. अबकडइ ची डिग्री ५, आय^३ सुरू होतं ६ पासून, म्हणून ते बाहेर, पण अ ने गुणलं की (अब)(कड)(इअ), आत! बाकीच्यांनीही तसंच, म्हणजे तिसऱ्या पॉवरला डेप्थ ०. दुसऱ्याला?

रीसवाला:
दुसऱ्याला ० नाही. पंचकोनात त्रिकोण नाही, त्यामुळे आय^२ आणि दुसरी सिम्बॉलिक पॉवर (आय च्या मिनिमल प्राइमच्या वर्गांचं इंटरसेक्शन) एकच, एम्बेडेड प्राइम (मिनिमल नसलेला असोसिएटेड प्राइम) येत नाही, डेप्थ किमान १.