शहादा आधी, बाकीचं मागाहून

सुंता आणि नाव बदलल्याशिवाय इस्लाम स्वीकारता येतो का, असा प्रश्न आहे. येतो. अर्थ समजून, मनापासून शहादा (श्रद्धेची साक्ष) म्हटली की माणूस मुसलमान झाला: अल्लाहखेरीज कोणी उपास्य नाही, मुहम्मद त्याचे रसूल (प्रेषित) आहेत. साक्षीदारांची अट नाही, पण पुढे निकाह-दफनात अडू नये म्हणून जमातीतल्या दोघांसमोर म्हणावी. जबरदस्तीने वदवलेली शहादा धरतच नाहीत.

मग गुसल, म्हणजे शुद्धीची आंघोळ: नियत (मनाशी हेतू) करून सगळ्या अंगाला, केसांच्या मुळांपर्यंत पाणी. नखांना रंग असेल तर आधी काढा, खाली पाणी पोचत नाही.

खरी गल्लत नमाजेत होते. सुन्नींत शाफई आणि हनफी असे वेगवेगळे धर्मशास्त्रीय पंथ आहेत. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान शाफई, आणि बाजारातली पुस्तकं बहुधा हनफी. शाफईंत वुजूची (नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याची) नियत आणि क्रम फर्ज (अनिवार्य) आहेत, इमामामागेही फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) स्वतः म्हणायची, फज्रच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) रुकूनंतर (कमरेत वाकल्यानंतर) कुनूत, म्हणजे हात उचलून केलेली दुआ. पुस्तक वाचून आलेला नवा माणूस तिथे हात उचललेले बघून गांगरतो. मोहल्ल्याच्या इमामांकडूनच शिका.

सुंता शाफईंत वाजिब (बंधनकारक), पण इस्लामात येण्याची अट नव्हे. डॉक्टरकडूनच करावी, घाई नको. नावाचा अर्थ श्रद्धेविरुद्ध नसेल तर तेच चालतं. बदलायचंच तर प्रतिज्ञापत्र, राजपत्र, मग आधार-पॅन.