‘हर्ट’: शनिवारी आधी आवाज की आधी व्हिडिओ?

स्नेहल, बी-३०२: शनिवारच्या गाणी-गप्पांसाठी अमेरिकन कंट्री गायक जॉनी कॅशचं ‘हर्ट’ सुचवते. मूळ गाणं नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचं, १९९४ सालचं. कॅशचं रेकॉर्डिंग २००२ मध्ये आलं. प्रोजेक्टर मिळणार असेल तर व्हिडिओच लावू. गाण्याचा अर्थ खरा बदलला तो व्हिडिओने, असं मला वाटतं.

देशपांडे काका, ए-१०१: निवड छान. पण व्हिडिओला एवढं श्रेय नको गं. बदल केला कॅशच्या गळ्याने. निर्माता रिक रुबिनने सोबतीला गिटार-पियानो ठेवला आणि तो थकलेला आवाज अगदी कानाशी आणला. शिवाय मुकुटाची ओळ! मूळ गाण्यात तिथे घाणेरडा शब्द होता, कॅशने काटे घातले आणि काटेरी मुकुटातला येशू उभा केला. हे सगळं नुसत्या रेकॉर्डवर आहे.

स्नेहल: काका, काट्यांचं अगदी मान्य. पण गाणं लिहिणाऱ्या, नाइन इंच नेल्सच्या ट्रेंट रेझनरचंच बघा ना. नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा त्याला ते विचित्र वाटलं होतं. व्हिडिओ पाहिल्यावर मात्र डोळ्यांत पाणी आलं, आणि हे गाणं आता आपलं राहिलं नाही असं त्याने पुढे मुलाखतीत सांगितलं. दोन्ही वेळा आवाज तोच होता.

गाणं आलं तेव्हा रेझनर २८ वर्षांचा. त्यातला माणूस तरुण आहे, नशेत आहे, स्वतःला इजा करून बघतोय. त्याच्या बँडच्या लाइव्ह व्हिडिओत मागच्या पडद्यावर कुजणारं जनावर, युद्धाची दृश्यं येतात. कॅशच्या व्हिडिओसाठी दिग्दर्शक मार्क रोमानेक अमेरिकेतल्या टेनेसीत हेंडरसनव्हिलला, त्याच्या घरीच गेला. ‘हाऊस ऑफ कॅश’ हे कॅशचं संग्रहालय तेव्हा बंद पडलेलं, पुराने खराब झालेलं. ते पाहून रोमानेकने ठरवलं की काहीच झाकायचं नाही. म्हणून फुटलेली रेकॉर्ड तशीच दिसते, भरल्या टेबलावर थरथरत्या हाताने ओतलेली वाइन दिसते. मध्येच तरणाबांड कॅश, आगगाडी, तुरुंगातला कार्यक्रम. ‘मी हा काय होऊन बसलो’ असं तो गातो, तेव्हा एक अख्खं आयुष्य आपण बघत असतो.

शरयू मावशी, सी-२०४: आत्ताच पाहिला. शब्द फार कळले नाहीत. पण जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघणारी ती कोण गं? तिच्या नजरेतली काळजी बघवेना.

स्नेहल: मावशी, ती जून कार्टर, त्याची बायको. स्वतः मोठी गायिका. शूटिंग २००३ च्या सुरुवातीचं. १५ मे रोजी ती गेली आणि १२ सप्टेंबरला तो.

काका, माझा मुद्दा इथेच आहे. मूळ गाण्यातली ‘तू’ कोणीही असू शकते: मैत्रीण, नशा, तो स्वतः. ‘मी तुला दुखवीन’ या शब्दांनंतर जूनचा चेहरा आठवला की दुसरं कुणी सुचतच नाही. हे रेकॉर्डवर कुठे आहे?

मंदार, ए-४०३: पण यात रेझनरवर अन्याय होतो. त्याचं गाणं शेवटी गिटारच्या प्रचंड आवाजात कोसळतं आणि मग कितीतरी वेळ नुसती घरघर उरते. सुटका नाहीच. कॅश पियानोचं झाकण मिटून त्यावर बोटं फिरवतो, त्यात निरोप आहे. निरोपाचं गाणं म्हणून मूळ गाणं ऐकायला गेलं तर ते हातचं जातं. माझी मुलगी तर ते कॅशचंच समजायची.

देशपांडे काका: जूनचं पटलं, स्नेहल. तेवढं रेकॉर्डवर नाही. आणि मंदारचंही बरोबर आहे. मग असं करा, आधी रेझनरचं ऐकू, मग कॅशचं नुसतं ऐकू, व्हिडिओ सर्वांत शेवटी. आवाजाने किती बदललं आणि चित्राने किती, ज्याचं त्याने ठरवावं.

स्नेहल: चालेल काका. तिन्ही मिळून चौदाएक मिनिटं होतील. मंदारदादा, प्रोजेक्टर सातला लावाल? मावशी, शब्दांचा अर्थ मराठीत लिहून पाठवू का तुम्हाला?

शरयू मावशी: पाठव, पण शनिवारनंतर. अजून एकदा असंच बघायचंय मला.