जिन, मिल आणि गिरणी : खानदेशात कोणता शब्द कशाला?

प्रश्न : लग्नानंतर पुण्याहून अमळनेरला आले. इथे पत्ता सांगताना 'जुन्या जिनाच्या मागे' म्हणतात. कापडाच्या कारखान्याला सगळे 'मिल' म्हणतात, 'गिरणी' कोणी म्हणत नाही. फरक काय?

उत्तर : तिन्ही वेगळे, ताई. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. इंग्रजीत 'एंजिन'चं आखूड रूप होऊन तो शब्द झाला, आपण तो जसाच्या तसा घेतला. यंत्राला मात्र आपलाच शब्द आहे, रेचा. त्यात चामड्याचा रूळ फिरतो आणि रुळाला लागून पोलादी सुरी असते. रूळ तंतू ओढून नेतो, सरकी सुरीशी अडते आणि जाळीतून खाली पडते. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, त्याला 'उतारा' म्हणायचं. सातबाराच्या उताऱ्याशी त्याचा संबंध नाही.

जिनाला लागून बहुधा प्रेस असतो, तिथे रुईच्या गाठी बांधतात. म्हणून 'जिन-प्रेस' हा जोडशब्द.

मिल म्हणजे सूत आणि कापड. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल. अहिराणीत 'तो मिलमा कामले जास' असंच म्हणतात. गिरणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे पीठ येतं. 'गिरणी कामगार' हा शब्द सभेत, पत्रकात आणि वर्तमानपत्रात चाले. साने गुरुजींनी खानदेशातल्या या कामगारांत काम केलं, त्याबद्दल लिहिताना तोच शब्द येतो. घरात मात्र 'मिलवाले'.

मला यातला खरा फरक माणसांचा वाटतो. जिनाचं काम हंगामी. दिवाळीच्या सुमारास कापूस आला की सुरू, उन्हाळ्यात बंद. रेच्यात कापूस टाकायला बायका, गाठी उचलायला हमाल. हंगाम संपला की पुन्हा शेतमजुरी. मिलचं काम बारमाही. तिथे पाळी आली, भोंगा आला, हजेरीकार्ड आलं, चाळ आली. जिनाने गावाला मजुरी दिली, मिलने वस्ती दिली. अमळनेरात तर शाळा-कॉलेजही त्याच पैशातून उभं राहिलं. प्रताप मिलच्या प्रतापशेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, 1945 मध्ये प्रताप कॉलेज सुरू झालं. त्यामुळे इथे 'प्रताप' हा शब्दसुद्धा अर्धा मिलचाच आहे.

आणखी एक शंका : गिरणा नदीवरून गिरणी आलं का?

उत्तर : नाही. गिरणा सह्याद्रीतून येऊन तापीला मिळते, ते नाव गिरण्यांच्या कितीतरी आधीचं. दोन्ही शब्द एका तोंडात आले, एवढंच.

भर : 'बदली' राहिला. सरकारी नोकरीत बदली म्हणजे गाव बदलणं. मिलमध्ये 'बदली' हा माणूसच : कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा. तो सकाळी फाटकावर उभा राहायचा, नाव पुकारलं तर आत, नाहीतर घरी. 'तो बदलीवर आहे' हे वाक्य मिलच्या घरात आणि तलाठ्याच्या घरात अगदी निराळ्या आवाजात बोललं जायचं.

भर : आणि 'खंडी'. धान्याची खंडी वीस मणांची. रुईच्या बाजारात खंडी म्हणजे सुमारे 356 किलो, आजही भाव त्याच मापाने निघतो. गाठ आता 170 किलोची धरतात. जुनी 392 पौंडांची होती, तशा दोन गाठींची बरोबर एक खंडी व्हायची.